निकालावर संशय आला, तर आपल्या बूथचा हिशेब असा तपासा

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला आणि त्यानंतर काही दिवसांतच धुळे जिल्ह्यातल्या अवधान गावाचं नाव मोबाइलवर सगळीकडे फिरू लागलं. या गावात काँग्रेसच्या उमेदवाराला शून्य मतं पडली, मग आमची मतं गेली कुठे, असा त्या मजकुराचा सूर होता. सोबत व्हिडिओ होता, संताप होता आणि तो संताप खराही वाटत होता. मग राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी गावातल्या चार मतदान केंद्रांचे आकडे जाहीर केले. त्या उमेदवाराला २२७, २३४, २५२ आणि ३४४, म्हणजे एकूण १,०५७ मतं मिळाली होती.

हे आकडे कुणी तिजोरीत ठेवले नव्हते. मतमोजणीच्या टेबलावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर ते वाचले गेले होते. तरी ‘शून्य’ राज्यभर पोहोचला आणि १,०५७ मागे राहिला.

हा लेख लिहायचं कारण तेच. ईव्हीएमवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, असं मला सांगायचं नाही. मी दोन निवडणुकांत उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बूथवर बसलो आहे. निवडणुकीतला कुठला कागद कुठे तयार होतो, कोणाकडे जातो आणि कुठला आपल्या हाती लागतच नाही, हे तिथे बसल्यावर कळतं. आपला संशय खरा की खोटा हे ठरवायला तेवढी माहिती बऱ्याचदा पुरते. जिथे पुरत नाही, तिथे सरकारकडे आणि आयोगाकडे नेमकं काय मागायचं, हे तरी स्पष्ट होतं.

संशय येण्यात वावगं काही नाही. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० लोकसभेच्या जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. पाच महिन्यांनी विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांकडे गेल्या. एवढी मोठी उलथापालथ पाहून माणूस विचारणारच, हे झालं कसं? आणि हा प्रश्न एकाच बाजूचे लोक विचारतात असंही नाही. १९७१ मध्ये इंदिरा गांधींचा मोठा विजय झाला तेव्हा जनसंघाचे बलराज मधोक म्हणत होते की मतपत्रिकांवर रसायन लावलं आहे, मतदाराने मारलेला शिक्का उडून जातो आणि दुसऱ्या चिन्हावर आधीच मारलेला शिक्का उमटतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मतपत्रिका तपासायला परवानगी मिळाली आणि आरोप टिकला नाही. २००९ च्या पराभवानंतर भाजपच्या नेत्यांनी यंत्रांवर शंका घेतली, आता विरोधी पक्ष घेतात. यंत्र बदललं, काळ बदलला, हरणाऱ्याची शंका तीच राहिली. ती खरी की खोटी हे शंका घेणाऱ्याच्या पक्षावरून ठरत नाही. म्हणून ते कागदावरून ठरवायचं.

पहिलं काम: संशय एका वाक्यात लिहा

‘सगळं सेट आहे’ हे तपासता येत नाही. ‘आमच्या गावातल्या केंद्र क्रमांक १४२ वर ६८० लोकांनी मतदान केलं, पण मोजलेली मतं ७१० निघाली’ हे तपासता येतं. हातात वही घ्या आणि आपल्याला नेमका कशाचा संशय आहे ते एका वाक्यात उतरवा. वाक्य होत नसेल तर संशय अजून कच्चा आहे. तो पक्का करायला चार जणांशी बोला, पण पुढे पाठवू नका.

वाक्य झालं की ते तीनपैकी कुठल्या खणात बसतं ते पाहा. पहिला खण मतदार यादीचा: खोटी नावं घातली, खरी गाळली. दुसरा यंत्राचा: बटण एक दाबलं, मत दुसरीकडे गेलं. तिसरा मोजणीचा: पडलेली आणि मोजलेली मतं जुळत नाहीत. प्रत्येकाचे कागद वेगळे, अधिकारी वेगळे, मुदतीही वेगळ्या. व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात हे तिन्ही एकत्र कालवलेले असतात आणि म्हणूनच त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

फॉर्म २० काढा आणि नीट वाचा

विधानसभा किंवा लोकसभेच्या निकालाचा केंद्रनिहाय तक्ता म्हणजे फॉर्म २०. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मतदारसंघानुसार मिळतो. ऑनलाइन सापडला नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत विचारा. निकालाच्या विवरणाची प्रत नाममात्र शुल्क घेऊन देण्याची तरतूद निवडणूक नियमांतच आहे.

तक्त्यात प्रत्येक ओळ एका मतदान केंद्राची आणि प्रत्येक रकाना एका उमेदवाराचा. शेवटी नोटा, एकूण मतं आणि प्रदत्त मतं. प्रदत्त मत म्हणजे तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलं असेल, तर तुम्हाला मिळणारी वेगळी मतपत्रिका. ती बंद पाकिटात राहते आणि मोजणीत धरत नाहीत, पण तिची संख्या जरूर पाहा. एका केंद्रावर अशी दहा मतं असतील, तर तिथे दुसऱ्याच्या नावावर मतदान झालं असावं, याची ती चांगली खूण आहे.

वाचताना फसगत होते ती काही ठरावीक ठिकाणी. एका गावाची तीन-चार केंद्रं असतात आणि लोक त्यातलं एकच पाहून ‘गावात एवढीच मतं?’ म्हणतात. लोकसभेला १४२ असलेलं केंद्र विधानसभेला १४६ झालेलं असू शकतं, कारण मतदार वाढले की नवीन केंद्रं होतात. म्हणून क्रमांकावर न जाता शाळेचं नाव आणि खोली पाहून जुळवा. मोठी चूक मात्र टपाली मतांची. टपाली मतं कुठल्याही केंद्राच्या ओळीत येत नाहीत, तक्त्याच्या तळाशी वेगळी येतात.

राज्यभर गाजलेला ‘पाच लाख जादा मतां’चा दावा इथेच उगवला होता. पडलेली मतं ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली ६,४५,९२,५०८, म्हणजे ५,०४,३१३ मतं जास्त, असं सांगितलं गेलं. आयोगाचं उत्तर असं की पहिला आकडा फक्त यंत्रांवरच्या मतदानाचा आहे, दुसऱ्यात टपाली मतं धरलेली आहेत आणि ती ५,३८,२२५ होती. मग फरक नेमका तेवढाच का नाही? तर काही यंत्रं मोजणीत बाजूला ठेवली जातात. सकाळच्या मॉक पोलची (खऱ्या मतदानाआधी यंत्र तपासण्याची) मतं पुसायची राहून गेली किंवा हिशेबाचा कागद जुळला नाही, आणि विजयाचं अंतर त्या यंत्रावरच्या मतांपेक्षा जास्त असेल, तर ते यंत्र मोजत नाहीत. अंतर कमी असेल तर त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजतात. हे उत्तर राज्यपातळीवर बसतं. तुमच्या मतदारसंघात कुठलं यंत्र बाजूला ठेवलं आणि का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि तो प्रश्न फार नेमका आहे.

१७ सी: ज्यावर सगळं उभं आहे तो कागद

निवडणुकीत एकच कागद जपायचा असेल तर तो फॉर्म १७ सी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब. केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर तिथल्या तिथे तो भरतो. त्यात केंद्राला जोडलेले एकूण मतदार, १७ ए या नोंदवहीत सही किंवा अंगठा केलेले मतदार, नोंद होऊनही मत न दिलेले, चाचणी मतं (यंत्राबद्दल तक्रार झाल्यावर टाकलेली) आणि कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं साठवणाऱ्या भागावर, दिसणारी एकूण मतं लिहितात. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट (बटणांचा भाग) आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक आणि कागदी सीलचा हिशेबही असतो. नोंदवहीतले मतदार आणि यंत्रातली मतं जुळली का, हा त्यातला कणा.

निवडणूक नियमांतला नियम ४९ एस सांगतो की हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला या कागदाची साक्षांकित प्रत केंद्राध्यक्षाने द्यायची. मागितली तर उपकार म्हणून नव्हे, द्यायचीच. पहिल्यांदा प्रतिनिधी झालो तेव्हा संध्याकाळी थकून मी पोच म्हणून सही केली आणि प्रत न घेता घरी आलो. निकालाच्या दिवशी आमच्या केंद्राचा आकडा वाचला गेला, तेव्हा तो बरोबर की चूक हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी हा कागद घेतल्याशिवाय बूथ सोडत नाही.

पडताळणी अशी करायची. गावात ज्या ज्या पक्षाचा किंवा अपक्षाचा प्रतिनिधी बसला होता, त्याच्याकडे जा. आपल्या विरोधी पक्षाचा असला तरी जा, कागद सगळ्यांचा एकच असतो. १७ सी वरची यंत्रातली एकूण मतं घ्या आणि फॉर्म २० मधल्या त्याच केंद्राच्या एकूण बेरजेशी, नोटा धरून, लावा. जुळलं तर ‘पडली एवढी, मोजली तेवढी’ हा प्रश्न त्या केंद्रापुरता संपला. नाही जुळलं तर आधी बेरीज पुन्हा करा, चाचणी मतं वजा झाली का ते पाहा आणि मग निवडणूक शाखेला लेखी विचारा. दोन वेगळ्या पक्षांच्या प्रतींवर वेगळे आकडे असतील, तर ते गंभीर आहे. दोन्ही प्रतींचे फोटो काढा, मूळ कागद जपून ठेवा.

हे काम कंटाळवाणं आहे. पण एका तालुक्यात वीस-पंचवीस जणांनी आपापल्या केंद्राचं केलं, तर अख्ख्या मतदारसंघाचा हिशेब आठवड्यात हाती येतो. कुठल्याही नेत्याच्या पत्रकार परिषदेपेक्षा त्याचं वजन जास्त असतं.

आता गुप्ततेबद्दल. १७ सी सर्वसामान्य मतदाराला देण्याची किंवा संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती कायद्यात नाही, अशी भूमिका आयोगाने सर्वोच्च न्यायालयात घेतली. मे २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक चालू असताना न्यायालयाने त्यावर अंतरिम आदेश देण्यास नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांत पडलेल्या मतांचे आकडे मतदारसंघानुसार दिले. माझं मत स्पष्ट आहे. जो कागद दहा प्रतिनिधींच्या खिशात असतो, तो अकराव्या माणसापासून लपवून काही साधत नाही. उलट, लपवल्यामुळेच अकरावा माणूस व्हॉट्सॲपवर अवलंबून राहतो. राज्यातल्या एक लाखावर केंद्रांचे १७ सी मतदानानंतर स्कॅन करून टाकले, तर अर्ध्या अफवा उगवायच्या आधीच वाळतील.

संध्याकाळी पाचनंतरचे आकडे

२० नोव्हेंबर २०२४ ला पाच वाजताची टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम ६६.०५ झाली. फरक जवळपास आठ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ७६ लाख मतांचा. ‘रात्री मतं भरली’ हा दावा यावरून आला. इथे पाटीवर गणित करून पाहा. राज्यात केंद्रं एक लाखावर, म्हणजे दर केंद्रामागे सरासरी ७६ मतं. दिवसभरात यंत्रांवर ६ कोटी ४० लाखांवर मतं अकरा तासांत पडली, म्हणजे ताशी केंद्रामागे साधारण ५८. मतदान सहापर्यंत होतं आणि सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन पुढे मतदान चालतं. शिवाय पाचचा आकडा हा केंद्राध्यक्षाने काम करता करता कळवलेला, मागे पडलेला असतो.

तेव्हा ७६ मतं अशक्य नाहीत. पण शक्य आहे म्हणजे तसंच झालं, असंही नव्हे. ही सरासरी आहे आणि सरासरीच्या आड एखादं केंद्र दडू शकतं. तुमच्या केंद्रावर सहाला किती माणसं रांगेत होती हे प्रतिनिधींना ठाऊक असतं. तुमचा संशय एखाद्या केंद्राबद्दल असेल तर तिथल्या तिघांना वेगवेगळं विचारा: शेवटचं मत किती वाजता पडलं, मतदान बंद करायचं ‘क्लोज’चं बटण किती वाजता दाबलं, तेव्हा आकडा किती होता. तिघांची उत्तरं जुळतात का ते पाहा. राज्यभरच्या टक्केवारीवरून निवडणूक रद्द करा, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. केंद्राच्या पातळीवरचा पुरावा हाती नसेल तर न्यायालयात काही उभं राहत नाही.

मतदार यादी: इथे सामान्य माणसाच्या हातात सर्वात जास्त आहे

लोकसभा ते विधानसभा या काळात महाराष्ट्रातले मतदार सुमारे ९.३० कोटींवरून ९.७० कोटींवर गेले. वाढ कुठून आली हा प्रश्न रास्त आहे आणि यादीत गडबड होत नाही असं कुणी म्हणू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात निवडणुकीआधी नवीन नावं घालण्यासाठी आलेल्या ऑनलाइन अर्जांत सहा हजारांहून जास्त बनावट निघाले. यंत्रणेनेच ते पकडून नाकारले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला. म्हणजे कुणीतरी प्रयत्न केला हे खरं आणि ते अर्ज तिथे अडले हेही खरं. ही गोष्ट सांगताना यातली अर्धीच सांगणारे दोन्हीकडे भेटतात.

आपल्या भागाची यादी संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मतदार चिठ्ठीवर यादी भाग क्रमांक असतो, त्यावरून सापडते. या पीडीएफमध्ये नाव टाकून शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही. त्यामुळे छापून घेऊन, चार जण बसून, वाडीवाडीने वाचावी लागते. गावात हे एका रविवारचं काम आहे आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना सोबत घ्या. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, कोण पुण्याला कायमचा राहिला, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

वाचताना घाईने निष्कर्ष काढू नका. नाव आणि वडिलांचं नाव सारखं असलेली दोन माणसं एका गावात सहज असतात. वय, फोटोचं मतदार ओळखपत्र आणि घर पाहिल्याशिवाय ‘दुबार’ म्हणू नका. एकाच ओळखपत्र क्रमांकाची दोन माणसं दोन राज्यांत सापडली, तर त्याला जुनी कारणं आहेत. आधी प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे क्रमांक देत होतं आणि काही ठिकाणी मालिका एकच निघाली. घर क्रमांकाच्या जागी शून्य असणं हेही पुरावा नाही, खेड्यात कित्येक घरांना नंबरच नसतो. पण एका खोलीच्या पत्त्यावर चाळीस नावं आणि शेजाऱ्यांनी त्यातल्या एकालाही पाहिलेलं नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

चुकीचं किंवा खोटं नाव काढायला फॉर्म ७, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला फॉर्म ८, नवीन नावाला फॉर्म ६. फॉर्म ७ भरणारा त्याच मतदारसंघातला मतदार हवा आणि त्याखालचं प्रतिज्ञापन खोटं निघालं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून कुणी ढिगाने भरलेले फॉर्म तुमच्या सहीला आणले, तर सही करू नका. फॉर्म बीएलओकडे (केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्या, पोच घ्या. निर्णय पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील होतं, त्यानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत.

हे सगळं निवडणूक जाहीर व्हायच्या आधी करायचं. निकालानंतर यादी हातात घेणाऱ्याला सहानुभूती मिळते, दुरुस्ती मिळत नाही.

यंत्राचा संशय

मतदाराला स्वतः तपासता येणारी गोष्ट एकच: व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. ती बघा, घाई करू नका. चिठ्ठीवर भलतंच नाव आलं तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगा. नियम ४९ एमए प्रमाणे लेखी प्रतिज्ञापन द्यावं लागतं आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत टाकावं लागतं. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. खोटी निघाली तर गुन्हा आहे, त्यामुळे खात्री असेल तरच पाऊल टाका. आत मोबाइलवर चित्रण करू नका. मतदानाची गुप्तता मोडल्याचं प्रकरण तुमच्यावरच येईल आणि मूळ तक्रार बाजूला राहील.

त्यापुढची तपासणी उमेदवारांच्या हातात आहे. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्राशी जुळवतात. २०२४ च्या विधानसभेत अशा १,४४० व्हीव्हीपॅटमध्ये फरक आढळला नाही, असं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. शंभर टक्के चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल असं सांगितलं. खर्च त्याने भरायचा, फेरफार सापडला तर परत मिळतो. शिवाय मतमोजणी चालू असतानाच, निकाल जाहीर होण्याआधी, एखाद्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजा किंवा फेरमोजणी करा असा लेखी अर्ज देता येतो. त्यासाठी कारण लागतं आणि कारण देण्यासाठी, पुन्हा, १७ सी लागतो.

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने वेगळा मार्ग धरला. त्यांच्या पसंतीचे उत्तम जानकर मतदारसंघात जिंकले होते, पण गावातली मतं गावकऱ्यांच्या अंदाजात बसत नव्हती. म्हणून ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर गावापुरतं पुन्हा मतदान घ्यायचं त्यांनी ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, बंदोबस्त आला, मतदान रद्द झालं. त्या गावाबद्दल मला आदर आहे. स्वतःच्या खर्चाने, उघडपणे, मोजून पाहू म्हणणारं गाव अफवा पसरवणारं नसतं. तिथे पोलीस पाठवण्याऐवजी केंद्राचे १७ सी आणि फॉर्म २० घेऊन अधिकारी चावडीवर बसले असते, तर जास्त भलं झालं असतं. पण पद्धत म्हणून ते मतदान घडलं असतं तरी काही सिद्ध झालं नसतं. निकाल कळल्यानंतर, गावाची इज्जत पणाला लागलेली असताना, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडणारं मत हे आधीच्या गुप्त मतासारखं राहत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘का’ विचारू नका, कागद मागा. उदाहरणार्थ: ‘अमुक विधानसभा मतदारसंघातील मतदान केंद्र क्रमांक अमुक येथील नमुना १७ सी भाग एक व भाग दोन यांच्या प्रती. मतमोजणीत वगळलेल्या यंत्रांची केंद्रनिहाय यादी व त्यासंबंधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचे लेखी आदेश.’ कशासाठी हवं ते सांगण्याची गरज नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. नकार आला तरी तो लेखी आणि कलमासह घ्या, तोही पुरावाच आहे. काही गोष्टी मात्र मिळणार नाहीत: १७ ए ची नोंदवही आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची पाकिटं सीलबंद असतात आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. २० डिसेंबर २०२४ ला नियम ९३ बदलून मतदान केंद्रांवरचं सीसीटीव्ही चित्रणही नागरिकांच्या पाहणीतून बाहेर गेलं. त्याच महिन्यात, आधी, हरियाणाच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने असं चित्रण द्यायला सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये आयोगाने ४५ दिवसांत याचिका आली नाही तर चित्रण नष्ट करायला सांगितलं. मतदाराची ओळख जपायची हे त्यामागचं कारण सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण मागणीला उत्तर म्हणून दार बंद केलं की आत काहीतरी आहे असंच बाहेरच्याला वाटतं. सरकारने स्वतःवरचा अविश्वास असा स्वतःच्या हाताने वाढवू नये.

न्यायालय

निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत. उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो. खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, तरी निरर्थक नाही. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्रावर अधिकाऱ्याने दोन उमेदवारांचे आकडे अदलाबदल करून लिहिले आणि हरलेला जिंकला. पावणेतीन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं दिल्लीत मागवून आपल्या आवारात मतं मोजून घेतली. निकाल फिरला, अंतर निघालं ५१ मतांचं. यंत्रात छेडछाड नव्हती, चूक हाताने लिहिलेल्या आकड्यात होती.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नाही. तिथले फॉर्म, मुदती, न्यायालय वेगळं असतं. तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या, विधानसभेचे नियम तिथे लावू नका.

पुढच्या निवडणुकीची तयारी

आपल्या केंद्रावर मतदान प्रतिनिधी बसेल याची सोय आधीच करा. नेमणूक फॉर्म १० वर उमेदवाराच्या सहीने होते, लहान पक्षाचा किंवा अपक्ष उमेदवारही ती देऊ शकतो आणि बऱ्याचदा त्यांना माणसं हवीच असतात. मतदान सातला सुरू होणार असेल तर मॉक पोल साडेपाचला असतो, किमान ५० मतांचा. म्हणून पाचला केंद्रावर हजर राहा. उमेदवाराला मिळालेल्या यादीतून आपल्या केंद्राच्या तिन्ही यंत्रांचे क्रमांक आदल्या रात्री वहीत लिहून न्या, आत मोबाइल चालत नाही. क्रमांक जुळवा, मॉक पोलची मतं पुसून आकडा शून्य झालेला आणि व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी केलेली डोळ्यांनी पाहा, सीलचे क्रमांक लिहा. दर दोन तासांनी एकूण मतांचा आकडा विचारून वेळेसह नोंदवा. सहाला रांगेत किती माणसं आहेत ते मोजा. ‘क्लोज’ दाबल्यावरचा आकडा लिहा, १७ सी ची प्रत घ्या, बाहेर आल्यावर तिचा फोटो काढून दोघा-तिघांना पाठवा. मतमोजणीच्या दिवशी ती प्रत आणि ती वही आपल्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातात द्या.